तुम्हाला मुली दोन आहेत

ताई,

मी मुलुंडला राहते. वय ४४. मला एक मुलगी आहे, तेरा वर्षांची, आठवीत. तिच्या आधी एक होती. ती सात वर्षांची असताना तापाचं निमित्त होऊन गेली. नंतर दोन वर्षांनी आयव्हीएफ करून धाकटी झाली. बीजांड माझं, शुक्राणू ह्यांचे, दुसऱ्या कुणाचं काही नाही. दिसायला अगदी थोरली. सासूबाईंनी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हाच म्हणाल्या, "आली गं बाई परत." थोरलीला ज्या लाडाच्या नावानं हाक मारायचो, त्याच नावानं हिलाही मारतो. थोरलीला नाचाची आवड होती म्हणून हिलाही क्लासला घातलं. हिला फुटबॉल खेळायचाय, पण सासूबाईंना ते पटत नाही.

आमच्या सोसायटीत एक बाई मुलांसाठी वाचनकट्टा चालवतात. गेल्या महिन्यात त्यांनी नॅन्सी फार्मर यांची 'द हाउस ऑफ द स्कॉर्पियन' ही इंग्रजी कादंबरी घेतली. एका म्हाताऱ्या अफूसम्राटाला पुढेमागे अवयव लागतील म्हणून त्याच्याच पेशीपासून तयार केलेल्या मुलाची, म्हणजे क्लोनची, गोष्ट आहे म्हणे. कट्ट्यावर खूप वाद झाले. एक मुलगा म्हणाला, "पैसे म्हाताऱ्यानं दिले ना, मग क्लोन त्याचाच." एकाचे आजोबा किडनीसाठी थांबलेत, तो म्हणाला, "आजोबांचा क्लोन असता तर बरं झालं असतं." एका मुलीला शेवटचा भाग कंटाळवाणा वाटला. पालकांच्या ग्रुपवर तर भांडणच लागलं. ड्रग्ज आणि अवयव काढण्याच्या गोष्टी मुलांना कशाला वाचायला देता, पुस्तक कट्ट्यातून काढा, असं पत्र फिरतंय आणि माझ्या सहीसाठी थांबलंय.

माझी मुलगी कट्ट्यावर एक शब्द बोलली नाही. घरी मी मेथी निवडत होते, तेव्हा शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी क्लोन आहे का? मलाही लॅबमध्येच बनवलं ना, ताईच्या जागी?" मी म्हटलं, "वेड्यासारखं बोलू नकोस." आठवड्यानं रात्री तिचं पांघरूण सारखं करायला गेले, तर उजव्या तळपायावर बॉलपेननं लिहिलेलं दिसलं: 'ताईची मालमत्ता'. मी तिला काही विचारलं नाही. ह्यांनाही सांगितलं नाही. पुस्तक काढून घेऊ का? डॉक्टरकडे नेऊ का? सासूबाईंना काय सांगू?

एक आई, मुलुंड


मुलुंडच्या ताई,

पुस्तक काढून घेऊ नका. उत्तराची सुरुवात इथूनच करते, कारण बाकीचं सगळं सावकाश करायचं आहे आणि हे एक मात्र घाबरून पटकन हातून होऊन जाईल अशी मला धास्ती वाटते. पुस्तक गेलं तर तुमच्या लेकीला एवढंच कळेल की तिनं विचारलेला प्रश्न या घरात विचारायचा नसतो. "वेड्यासारखं बोलू नकोस" हे तिनं एकदा ऐकलंय. त्यानंतर तिनं तोंडानं विचारलं नाही, पायावर लिहिलं.

मी ती कादंबरी पूर्वी वाचली होती, तुमचं पत्र आल्यावर पुन्हा वाचली. तुम्ही ती वाचलेली दिसत नाही, म्हणून तुमच्या कामाचं तेवढं सांगते. शेवट सांगत नाही. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या मधल्या पट्ट्यात अफू पिकवणारा एक देश आहे आणि त्याचा मालक एकशे चाळीस वर्षं उलटलेला म्हातारा आहे, एल पात्रोन. त्याच्या पेशीपासून मॅट झाला. अफूच्या शेतातल्या एका छोट्या घरात सेलिया नावाची स्वयंपाकीण त्याला कुणाच्या नजरेस पडू न देता वाढवते. लहानपणी एकदा मॅट काचांवर उडी मारतो आणि त्याचे पाय कापतात. बाहेरची मुलं त्याला उचलून मोठ्या घरात नेतात, माणसं धावपळ करतात, कुणी रक्त पुसतं. तेवढ्यात पायावरची अक्षरं दिसतात. तो अलाक्रान इस्टेटची, म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या जहागिरीची, मालमत्ता आहे असं तिथे गोंदलेलं असतं. त्यासरशी तीच माणसं त्याला उचलून बाहेर टाकतात. पुढे कित्येक महिने त्याला भुसा पसरलेल्या खोलीत कोंबडीसारखं ठेवलं जातं.

तुमच्या लेकीनं तळपायच का निवडला, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आणखी एक जागा आहे. तुम्ही पुस्तक वाचाल (ते तुम्हाला वाचायचंच आहे, त्याबद्दल पुढे सांगते), तेव्हा तिथे थांबा. एल पात्रोन आपल्या लहानपणाबद्दल बोलतो. गरिबीत वाढलेली आठ भावंडं, त्यातली सात लहानपणीच गेली, हा एकटा वाचला. त्या सात जणांची न जगलेली आयुष्यं आपलं येणं आहे, अशी त्याची पक्की समजूत असते. ती वसूल करायलाच तो इतकी वर्षं जगतो आहे. तुमच्या मुलीनं हे पान वाचलंय. मेलेल्या भावंडाचं आयुष्य मागे राहिलेल्या कुणीतरी जगून भरून काढायचं, हा हिशोब तिला कुणी समजावून सांगावा लागला नसेल. त्या म्हाताऱ्यानं तो स्वतःच्या हावेपोटी मांडला. तुमच्या घरी तो प्रेमापोटी, दुःखापोटी मांडला गेला. पण त्यात जिला बसवलं तिला तो तेवढाच जड झाला आहे.

कट्ट्यावरची बाकीची मुलंही आपापल्या घरून काहीतरी घेऊनच आली होती. ज्याचे आजोबा किडनीसाठी थांबलेत त्याच्यावर कुणी रागावू नये, तो निर्दय नाही, त्याला आजोबा हवे आहेत. त्याला जवळ बसवून सांगायला हवं की माणसाचे अवयव विकत घेता येऊ नयेत म्हणून आपल्याकडे १९९४ साली कायदा झाला, आणि तो होण्याआधी याच देशात गरिबांच्या किडन्या विकल्या जात होत्या. "पैसे म्हाताऱ्यानं दिले" म्हणणाऱ्या मुलाला उत्तर द्यायला कुणी क्लोन लागत नाही, एवढा हा इतिहास जवळचा आहे. शेवटचा भाग कंटाळवाणा वाटलेल्या मुलीचंही खरं आहे. मॅट दुसऱ्या देशात पोचल्यावर गोष्ट बरीच रेंगाळते. या सगळ्या मुलांनी पुस्तक चांगलं वाचलं. तुमच्या मुलीनं सगळ्यांत नीट वाचलं आणि म्हणूनच ती गप्प बसली.

आता तिचा प्रश्न. तो खरा प्रश्न आहे आणि त्याला खरं उत्तर आहे. "मी क्लोन आहे का?" नाही. पण नुसतं "नाही" म्हणून सोडून देऊ नका, आठवीतल्या मुलीला कारण हवं असतं. तिला सांगा की क्लोन करताना एका बीजांडातलं केंद्रक काढून टाकतात आणि जिच्यासारखा जीव हवा तिच्या शरीरातल्या एखाद्या पेशीचं केंद्रक तिथे बसवतात. त्यात वडील नसतातच. आयव्हीएफमध्ये आईचं बीजांड आणि वडिलांचे शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणतात, इतकंच वेगळं. पुढे जे घडतं ते घराघरांत घडतं तेच. दोघांकडची निम्मी निम्मी गुणसूत्रं येतात आणि अशी जुळणी होते जी आधी कधी झालेली नसते. सख्ख्या बहिणींची जनुकं सरासरी निम्मीच जुळतात. म्हणजे नाक-डोळे कितीही सारखे दिसोत, तुमच्या दोन मुलींमध्ये मोठा फरक पहिल्या दिवसापासून होता.

"लॅबमध्ये बनवलं" हा शब्दही तिच्या मनात टोचतो आहे. तिला परळची गोष्ट सांगा. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी आयव्हीएफनं जन्माला आली. तिच्या आधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवलं होतं, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांचं श्रेय त्यांना फार उशिरा मिळालं. (हा शेवटचा भाग तिला आज सांगू नका, पण तुम्ही लक्षात ठेवा. लोक नव्या गोष्टीला घाबरले की किती क्रूर होतात ते त्यातून कळतं.) त्या काळी 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द लोक जरा बिचकतच उच्चारायचे. आज मुलुंड ते कुलाबा कुठल्याही शाळेच्या वर्गात अशी मुलं बसलेली असतात आणि शेजारच्या बाकावरच्याला पत्ताही नसतो.

हे झालं पहिलं उत्तर. पण ताई, तिचा प्रश्न इथे संपत नाही, कारण तिनं पुढे "ताईच्या जागी?" असंही विचारलं आहे. म्हणून मी तुम्हाला आणखी एक पाऊल पुढे न्यायला बघते. समजा, ती खरंच थोरलीची क्लोन असती. तरी थोरली परत आली असती का?

याचं उत्तर प्रयोगशाळांनीच देऊन ठेवलं आहे. डॉली मेंढी ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडमधल्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये जन्मली. २७७ बीजांडांवर प्रयत्न झाला, त्यातून ही एक जगली. जिच्या पेशीपासून डॉली झाली ती मेंढी तेव्हा हयातही नव्हती, पेशी तेवढ्या गोठवून ठेवलेल्या होत्या. डॉली वाढली, तिला सहा कोकरं झाली, फुप्फुसाच्या आजारानं ती २००३ मध्ये गेली. त्या मेलेल्या मेंढीची आठवण आज कुणाला आहे? डॉली डॉली म्हणूनच जगली.

डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये एका मांजरीचा क्लोन केला. मूळ मांजरी तिरंगी, अंगावर केशरी, काळे, पांढरे चट्टे. क्लोन जन्मला तो पांढरा आणि करडा, केशरीचा मागमूस नाही. जनुकं तीच होती. पण अंगावर कुठला रंग कुठे उमटणार हे जनुकांबरोबरच गर्भात पेशी वाढताना ठरत जातं आणि ते दोनदा सारखं होत नाही. अमेरिकेत आता मेलेल्या कुत्र्या-मांजरांचे क्लोन करून देणाऱ्या कंपन्या आहेत. बार्बरा स्ट्रायसँड या गायिकेनं आपल्या लाडक्या कुत्रीच्या पेशींपासून दोन पिल्लं करून घेतली आणि २०१८ मध्ये तिनंच सांगितलं की दोघींचे स्वभाव वेगवेगळे आहेत. तिच्याकडे पैसा होता, विज्ञान होतं, प्रेमही खूप होतं. तिला दोन गोड पिल्लं मिळाली. गेलेली कुत्री मिळाली नाही.

मला वाटतं, तुमच्या लेकीला हे ऐकून हायसं वाटेल. आणि तुम्हाला आधी थोडं रडू येईल.

कारण "तीच परत आली" या वाक्यावर तुम्ही तेरा वर्षं उभ्या आहात. मी सासूबाईंना दोष देत नाही. आपल्याकडे हे वाक्य फार जुनं आहे. आजी गेली आणि वर्षभरात नात झाली की "आजीच आली" म्हणतात, नावही तेच ठेवतात, त्यात गोडवा असतो आणि बाळाचं काही बिघडत नाही. सत्तरी गाठून गेलेल्या आजीचं आयुष्य जगून झालेलं असतं, ते कुणी पुरं करायचं नसतं. सात वर्षांची मुलगी गेली की तसं राहत नाही. सगळंच राहिलेलं असतं. नाच राहिलेला, शाळा राहिलेली, वाढदिवस राहिलेले. आणि मग ते सगळं एका नव्या बाळाच्या अंगावर येऊन पडतं.

मानसशास्त्रात याचा अभ्यास बराच जुना आहे. १९६४ मध्ये अल्बर्ट केन आणि बार्बरा केन यांनी अशा मुलांवर लिहिलं, जी गेलेल्या भावंडाची जागा भरायला जन्माला घातली गेली. त्यांना आढळलं की घरच्यांच्या मनात गेलेलं मूल इतकं निर्दोष होऊन बसतं की जिवंत मूल त्याच्यापुढे सतत कमीच पडतं. साल्वादोर दाली हा चित्रकार तुमच्या मुलीला माहीत असेल, वितळणारी घड्याळं काढणारा. त्याचा मोठा भाऊ लहानपणीच गेला आणि नऊ महिन्यांनी, १९०४ मध्ये, दाली जन्मला. भावाचं नाव साल्वादोर होतं, त्यालाही तेच दिलं. वयाच्या साठीला आला तरी तो त्या भावाचं चित्र काढत होता.

आता एक गोष्ट हळूच सांगते. थोरली सात वर्षांपर्यंतच होती. म्हणजे धाकटी सात वर्षांची होईपर्यंत तुमच्यापाशी मोजायला काहीतरी होतं. ताई या वयात असं करायची, ताईला हा फ्रॉक झाला होता. त्यानंतर सहा वर्षं ती अशा बहिणीसारखी होण्याची धडपड करते आहे, जी या वयाची कधी झालीच नाही. तेरा वर्षांची थोरली कशी असती? तिनं नाच सोडला असता का? तीही फुटबॉल मागत बसली असती का? कुणालाच माहीत नाही. तुमची धाकटी एका रिकाम्या चौकटीशी स्वतःला ताडून बघते आहे आणि ती चौकट प्रत्येक वाढदिवसाला आपणच मोठी करत जातो.

या सगळ्यात नुकसान एकीचं झालेलं नाही. "परत आली" म्हटलं की धाकटीचं येणं पुसलं जातं, तसंच थोरलीचं जाणंही पुसलं जातं. जी परत आली तिच्यासाठी रडायचं कसं? तुमच्या पत्राची तिसरी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: "मला एक मुलगी आहे." आणि लगेच, "तिच्या आधी एक होती." ताई, तुम्हाला मुली दोन आहेत. एक सात वर्षं जगली, एक तेरा वर्षांची आहे. कुणी विचारलं, मुलं किती, तर "दोन, थोरली गेली" असं म्हणून बघा. पहिल्यांदा आवाज फुटणार नाही. समोरचा गडबडेल, विषय बदलेल. बदलू द्या. पण ते उत्तर कधीतरी धाकटीच्या कानावर पडायला हवं.

आता काय करायचं ते सांगते.

आधी पुस्तक तुम्ही वाचा. निदान पहिली शंभर पानं. इंग्रजीचा कंटाळा येत असेल तर लेकीला सांगा, तू मला वाचून दाखव, जिथे अडेल तिथे मराठीत सांग. यासारखं चांगलं काही नाही, कारण मग ती तुम्हाला समजावत असेल आणि तुम्ही ऐकत असाल. सेलियावर जरूर थांबा. ज्याला सगळे जनावर म्हणतात त्या मुलाला ती गोष्टी सांगते, जेवू घालते, त्याच्यासाठी भांडते. तिनं त्याला जन्म दिलेला नाही. तरी मॅट कुणाचा, हा प्रश्न पडला की वाचणाऱ्याला सेलियाच आठवते.

मग बोला. घरात नको. सासूबाई, टीव्ही, कामाची बाई, दोन खोल्यांत कुठे बोलणार? रविवारी सकाळी लोकलनं सीएसएमटीला उतरा, चालत मरीन ड्राइव्हला जा, कठड्यावर शेजारी शेजारी बसा. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते दोघींनी समुद्राकडे तोंड केलं की बोलता येतं. सुरुवात तुम्ही करा आणि खरी करा. "त्या रात्री तुझं पांघरूण सारखं करताना तुझा पाय मला दिसला. मी घाबरले म्हणून काही बोलले नाही. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हाही मी घाबरूनच ओरडले. तू कुणाच्या जागी आलेली नाहीस. ताईची जागा ताईची आहे, तुझी तुझी." शब्द तुमचे वापरा, माझे पाठ करू नका. आणि मग थांबा. ती कदाचित काहीच बोलणार नाही, भेळ मागेल. भेळ घ्या. तिचं बोलणं दोन दिवसांनी, भलत्याच वेळी येईल, तुम्ही घाईत असाल तेव्हा. त्या वेळी हातातलं ठेवून द्या.

एक गोष्ट ती विचारेल याची तयारी ठेवा: "ताई गेली नसती तर मी असते का?" याला खोटं उत्तर देऊ नका. बहुधा नसती. तुम्ही तिला सांगू शकता की आम्हाला मूल हवं होतं ते ताई गेल्यामुळे, हे खरं. पण तू आलीस तेव्हापासून आम्हाला हवी आहेस ती तू, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मुलांना अशी दुहेरी सत्यं कळतात. त्यांना कळत नाही ते आपलं टाळणं.

नावाचं तिलाच विचारा. लाडाचं नाव तिला ठेवायचंय का, की शाळेतलं चालेल, की मैत्रिणी मारतात ती हाक हवी. कदाचित ती तेच नाव ठेवेल. पण मग ते तिनं घेतलेलं असेल. नाचाच्या क्लासचंही असंच. आवडत असेल तर राहू दे, फुटबॉलसाठी मात्र आता कुणाच्या परवानगीची वाट बघू नका.

थोरलीचा फोटो काढू नका. उलट तिच्याबद्दल जास्त बोला, पण खरं बोला. ती हट्टी होती का? ताटात काय टाकून उठायची? कुणाला चावली होती का बालवाडीत? धाकटीला आजवर हार घातलेली ताई माहीत आहे. तिला भांडखोर, शेंबडी, खोटं बोलून पकडलेली ताई भेटू दे. तिच्याशी तिचं बहिणीचं नातं जुळेल. हार घातलेल्या ताईशी भांडता येत नाही.

सासूबाईंना डॉली-बिली सांगत बसू नका. त्या कोकणातल्या असतील, किंवा नसल्या तरी आंबा त्यांना कळतो. हापूसची झाडं कलमाची असतात, म्हणजे एका अर्थानं सगळी एकाच आईची, क्लोनच. तरी देवगडचा वेगळा लागतो आणि रत्नागिरीचा वेगळा, एकाच बागेतली दोन कलमं दरसाल सारखी धरत नाहीत. हे त्या मला आणि तुम्हाला शिकवतील. मग एवढंच म्हणा, "आई, कलमालाही आपली माती असते, ही तर पोटची पोर आहे." आणि त्यांना एक काम द्या. धाकटीनं लहानपणी केलेल्या, फक्त तिच्याच, अशा गोष्टी आठवून तिला सांगायच्या. त्यांच्याकडे त्या असणार, आजीचं लक्ष सगळीकडे असतं. त्यांनीही नात गमावली आहे, हे विसरू नका. त्यांचं ते वाक्य त्यांनी स्वतःला सावरायला धरलंय. ते ओढून काढलं तर त्या पडतील, आपोआप सुटेपर्यंत थोडा वेळ द्या. तोवर धाकटीसमोर ते म्हणायचं नाही, एवढं मात्र आजच ठरवा, आणि ते तुमच्या यजमानांनी त्यांच्या आईला सांगावं. म्हणजे यजमानांनाही हे सगळं आधी सांगावं लागेल. पायावरची अक्षरं तुम्ही एकटीनं सांभाळू नका.

डॉक्टरचं विचारलंत. पुस्तक वाचून पायावर पेननं लिहिणं हा आजार नाही. पण ती नीट झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, मैत्रिणी टाळत असेल, पेनाच्या जागी टोकदार काही आलं असेल किंवा "मी नसते तर बरं" असं काही तिच्या तोंडून निघालं, तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे न्यायला एक दिवसही थांबू नका. सरकारी टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल ही समुपदेशनाची सेवाही आहे. आणि त्यातली एक भेट तुमची स्वतःची असू दे. तुम्ही थोरलीबद्दल शेवटचं कुणाशी बोललात? तुमच्या पत्रात तिला एक ओळ मिळाली आहे.

राहता राहिलं ग्रुपवरचं पत्र. त्यावर सही करू नका. पालकांची काळजी खोटी नाही. पुस्तकात अफू आहे, मृत्यू आहे, लहान मुलाशी केलेलं क्रौर्य आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला मी ते देणार नाही. पण ते किशोरांसाठीच लिहिलेलं आहे, २००२ मध्ये अमेरिकेत किशोर साहित्याचं नॅशनल बुक अवॉर्ड त्याला मिळालं, आणि त्यातलं क्रौर्य कुठेही चवीसाठी आलेलं नाही. ग्रुपवर लिहायचंच असेल तर लिहा की पुढच्या वेळी पुस्तक मुलांना देण्याआधी पालकांना पंधरा दिवस द्या, आम्हीही वाचू. कट्टा चालवणाऱ्या बाईंना भेटून एवढंच सांगा की या पुस्तकानं आमच्या घरातल्या एका जुन्या गोष्टीला हात लावला आहे, तिला बोलायचा आग्रह करू नका आणि बोलली तर थांबवू नका. बाकी तपशील त्यांना देऊ नका. तो तुमच्या मुलीचा आहे, कुणाला आणि किती सांगायचा ते तिला ठरवू द्या.